कवीच्या किटलीचा पोचा

"पंधरा दिवसांत स्मारक उभं करतो, साहेब! सोलहून बसगाड्या भरभरून माणसं येतील!"

नगरपालिकेतला अधिकारी प्यो ग्यू-चोल यानं नगरप्रमुखांना हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा कवी बांग तेक-सू यांची एक टाचणीसुद्धा त्याच्याकडे नव्हती. बांग हयात असताना गावानं त्यांना कधी विचारलं नाही. ते गेल्यावर त्यांचं घर पाडून तिथं गाड्यांचा तळ केला, तोही प्योच्याच खात्यानं!

उरली होती फक्त चुनसिम मावशीच्या गुत्त्यातली पिवळी ॲल्युमिनियमची किटली. बांग माक्कोली, म्हणजे तांदळाची दारू, प्यायचे ती तिच्यातूनच. समीक्षक नाम ही-दोल यांनी एकदा त्यांची कविता पाणचट ठरवली, तेव्हा कवीनं हीच किटली त्यांच्या टाळक्यात हाणली म्हणे! त्यानं किटलीला पडलेला पोचा देशभर गाजला. बांग गेल्यावर नाम सरांना ती कविता एकाएकी महान वाटू लागली, आणि आता स्मारक समितीचे अध्यक्षही तेच होते.

"ने बाबा," मावशी म्हणाली. "नाहीतरी गळतेच आहे."

इथवर सगळं झकास होतं. पण प्योला किटली जरा चकचकीत हवी होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी ती त्यानं भांडी दुरुस्त करणाऱ्या आन म्योंग-गिलकडे दिली. दुपारी आन दात काढत हजर!

"गळती बंद! आणि साहेब, एवढा मोठा पोचा होता, तोही काढून टाकला! कवीसाठी एवढं तरी करायलाच हवं!"

प्योनं किटली हिसकावून गरागरा फिरवून पाहिली. ती नवरीच्या गालासारखी गुळगुळीत दिसत होती!

"अरे, तो पोचा म्हणजेच स्मारक होतं! परत पाड!"

आननं हातोडा घातला. पोचा पडला, पण मोटार धडकल्यासारखा टोकदार! तो काढून त्यांनी किटली लाल भोपळ्यावर आपटली. भोपळा फुटला, किटली जशीच्या तशी!

आननं मान हलवली. "डोक्याचा पोचा डोक्यावरच पडतो, साहेब."

"मग तुझं डोकं?"

"मी मारणार. नेम धरायला दोन्ही हात लागतात."

प्योनं कार्यालयाचं दार लावून घेतलं, बढतीचं स्मरण केलं आणि डोळे मिटले. पहिला घाव उथळ बसला. दुसरा खाली सरकला. दोन्ही पोचे आननं ठोकून काढले. तिसरा किटली सोडून आनच्या मुठीचाच! चौथ्याचा आकार मात्र निमंत्रणपत्रिकेवरच्या चित्रासारखा हुबेहूब. आन आनंदानं ओरडला, "बांगसाहेबच अंगात आले!"

दुसऱ्या दिवशी भर जुलैत प्यो लोकरी टोपी घालून उभा होता. पडदा सरला. नाम सरांनी काचेतली किटली न्याहाळली आणि रुमाल डोळ्यांना लावला.

"हाच तो! चाळीस वर्षांनीही मी तो ओळखला! माझ्या डोक्याचा आकार आहे हा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्यात चुनसिम मावशी गर्दी सारत पुढं आली.

"कोणाचं डोकं? तुम्ही तर किटली दिसताच टेबलाखाली शिरलात, प्राध्यापक! तिनं तुम्हाला शिवलंसुद्धा नाही!"

"मावशी, पोचा तर आहे ना!" नगरप्रमुख दबक्या आवाजात म्हणाले.

"होताच! मी पाडला, बांगच्या डोक्यात! कांद्याच्या पातीची धिरडी तव्यावर करपत होती आणि हा मेला सतरावी कविता म्हणत होता! पण माझा पोचा उजवीकडे होता. हा डावीकडे कुठून आला?"

नाम सर काचेकडे, नगरप्रमुख प्योकडे आणि प्यो बुटांकडे बघू लागला. शेवटी नगरप्रमुखांनी घाईनं, कवीला आदरांजली म्हणून सगळ्यांनी टोप्या काढाव्यात, असं जाहीर केलं. प्योनं टोपी काढली. त्या चार टेंगळांकडे पाहून नाम सरांचे अश्रू जागीच वाळले.

पोचा कोणाच्या डोक्यानं पडला ते सांगणाऱ्या स्मारकाच्या दगडी पाटीवर नाम सरांचंच डोकं राहिलं. दगड कोरून झाला होता, आता तो कोण खोडणार? प्योची बदली कचरा खात्यात झाली. त्या संध्याकाळी मावशीनं त्याला गुत्त्यात बसवलं आणि टेंगळांवर बर्फ धरला.

"खुळा रे तू," ती कळवळून म्हणाली. "मला बोलवायचंस ना! एका फटक्यात काम झालं असतं. माझा हात बसलेला आहे!"