यकृताला कविता लागत नाहीत

सोमवारी सकाळी मी कॉलेजचं ग्रंथालय उघडलं, तेव्हा बावीसपैकी एकोणीस कपाटं सुतळीने बांधलेली होती. दाराच्या मुठीला मूठ, वर दुहेरी गाठ. हे चोराचं काम नव्हतं. ती होडी बांधायची गाठ होती, आणि आमच्या स्टाफमध्ये ती एकाच माणसाला येते: प्राणिशास्त्राचे मुकादम सर. त्यांचे वडील दाभोळला बोटीवर तांडेल होते.

सर मागून सुतळीचा गुंडा घेऊन आले.

"सर, हे काय?"

"यकृताची पेशी. तुमचं ग्रंथालय आता यकृताची पेशी आहे, मॅडम. अभिनंदन."

मुकादम सरांना क्रोमॅटिन रीमॉडेलिंगने पछाडलं आहे. मी ते स्टाफरूममध्ये ऐकलं आहे, बँकेच्या रांगेत ऐकलं आहे, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा येईपर्यंत. ऐकून ऐकून मला कळलं ते असं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच लांबलचक धागा असतो, प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. घट्ट गुंडाळलेला भाग वाचता येत नाही. गर्भात यकृत घडू लागलं की काही प्रथिनं ही रिळं सरकवतात आणि यकृताला हवा तेवढा मजकूर मोकळा करतात. बाकीचा बंदच राहतो. एवढं सांगायला मला पाच-सहा वाक्यं लागली. सरांना पाऊण तास लागतो, आणि दोन चहा.

त्यांचं पालुपद एकच: "आहे सगळं, उघडं किती ते सांगा!" कॅन्टीनच्या फळ्यावर सोळा पदार्थ लिहिलेले असतात. सर रोज विचारतात, "आहे सगळं, उघडं किती?" कॅन्टीनवाला रोज म्हणतो, "वडा, ओ सर." मग सर वडा खातात.

"कवितेचं कपाट तरी सोडा," मी म्हटलं. "मुलांची परीक्षा आहे."

"यकृताला कविता लागत नाहीत."

उघडी होती तीन कपाटं: रसायनशास्त्र, गृहविज्ञान आणि गोदाम-व्यवस्थापन. यकृत साठवणही करतं म्हणे.

मी प्राचार्यांकडे तक्रार केली असती, पण या सगळ्या घोळाचं मूळ तिथेच होतं. त्यांनी परिपत्रक काढलं होतं: शनिवारपर्यंत तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र घेणारे पाच विद्यार्थी न मिळाल्यास विषय बंद. परिपत्रकात 'सक्षमीकरण' हा शब्द तीनदा होता. विषय बंद करण्याला आमच्याकडे हल्ली तसं म्हणतात. सरांकडे चार नावं होती. पाचवी सानिका, पूर्णगडची, वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. तिची आई तयार नव्हती, आणि ग्रंथालयाचं यकृत केलं होतं ते त्या आईला पटवण्यासाठी.

गुरुवारी दुपारी मासळी विकून ती आली. सानिका मागे उभी राहिली.

"मासे आम्ही जन्मभर बघतो," आई दारातूनच म्हणाली. "ते शिकायला फी कशाला भरायची ओ?"

सरांनी तिला कपाटांमधून फिरवलं. गाठी दाखवल्या, सोडून दाखवल्या, पुन्हा बांधल्या. एक कपाट तर ढकलून सरकवलं. माझी फरशी ओरखडली. मी घड्याळाकडे बघत होते.

शेवटी आई म्हणाली, "म्हंजे जाळ्यासारखं. सगळं एकदम सोडलं तर गुंता. लागेल तेवढंच सोडायचं."

सर खुर्चीत बसलेच. "मॅडम, ऐकलंत? पोरांना हे कळायला सेमिस्टर जातं!"

"कळलं ओ सर," आई म्हणाली. "पण पोरीचं काय ते तीच सांगेल."

सानिकाने मान खाली घालूनच सांगितलं. तिला कोल्हापूरला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जागा मिळाली होती. कागदपत्रं उद्यापर्यंत द्यायची होती. दोन वर्षांत नोकरी लागली असती. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, सर."

आता पाऊण तासाचं भाषण निघणार, या तयारीने मी टेबलाला टेकले.

"शिफारसपत्र लागत असेल ना?" सर म्हणाले.

"हो."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? उद्या शुक्रवार!" ते खरोखर चिडले होते. माझ्याकडून कोरे कागद घेतले. तीन फाडले, चौथ्यावर लिहिलं. आमच्या कॉलेजची शिफारसपत्रं 'कष्टाळू व आज्ञाधारक' यापुढे जात नाहीत. यात दोनच ओळी होत्या: 'ही मुलगी न समजलेलं समजलं असं म्हणत नाही. हिला चांगला सूक्ष्मदर्शक द्यावा.'

"तिकडे काही अडलं तर फोन कर," ते तिला म्हणाले. "रविवारी कर. मी घरीच असतो." मग थोड्या वेळाने, "इतर दिवशीही घरीच असतो."

त्यांचे तिन्ही भाऊ कुवेतला आहेत, त्यांच्या बेगम वारल्या त्याला सहा वर्षं झाली, हे मला माहीत होतं. पण त्यांना पाहून ते कधी आठवलं नव्हतं.

मायलेकी गेल्यावर मी विचारलं, "शनिवारी किती नावं देणार?"

"चार."

ते चौघे वर प्रयोगशाळेत त्यांची वाट बघत होते. त्यांना सांगायला सर निघाले. जिना चढताना दोनदा थांबले.