मास्तरांची निर्णायक गल्ली

"वहिनी, तुम्ही फक्त हात जोडा. निवडून आणायचं काम माझं!" मास्तरांनी छाती ठोकून सांगितलं आणि वहिनी बिचाऱ्या निर्धास्त झाल्या.

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीपासूनचे निकाल त्यांच्या वहीत होते. कोण पडला, किती मतांनी पडला, पडल्यावर काय बोलला, सगळं! त्यातून त्यांनी सिद्धांत काढला होता की इथला आमदार दोनशे मतांनी ठरतो आणि ती दोनशे मतं आपल्या गल्लीत असतात.

वहिनी नर्स होत्या. वस्तीतला बंद पडलेला दवाखाना उघडावा म्हणून निवृत्तीनंतर अपक्ष उभ्या राहिलेल्या. निशाणी शिट्टी.

"भाऊजी, रुळांपलीकडे एक चक्कर मारू या का?"

"कशाला उगाच चपला झिजवायच्या? इतिहास काय सांगतो?"

तीन आठवडे मास्तरांनी त्यांना त्याच एका गल्लीत फिरवलं. एकेका घरी चार-चारदा! शेवटी लोक दार न उघडता आतूनच शिट्टी वाजवायला लागले.

मतदानाच्या सकाळी मास्तर अख्खी गल्ली घेऊन नेहमीच्या शाळेत हजर. शेजारच्या मावशी सगळ्यांत आधी आत गेल्या, त्या बाहेरच येईनात.

"अहो, शिट्टी कुठाय?" आतून हाक आली.

"मोठ्याने बोलू नका!" अधिकारी ओरडले.

"पण नाहीच आहे! छत्री आहे, कढई आहे, शिट्टी नाही!"

मास्तर तावातावाने आत घुसले. "हा कट आहे! उमेदवार पळवला!" रांगेत गलका झाला, पोलीस धावले.

अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "काका, तुमच्या वहिनींचा मतदारसंघ रुळांपलीकडे सुरू होतो. तुमची गल्ली यंदा शेजारच्या मतदारसंघात गेली. नवा नकाशा घरोघरी वाटला होता की!"

मास्तरांना तो आठवला. चांगला जाड, गुळगुळीत कागद. निकालांच्या वहीला त्यांनी त्याचंच कव्हर घातलं होतं, कोरी बाजू वर ठेवून! वही काखेतच होती. भूगोलाच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत कव्हर काढून उलटं केलं. लाल रेघ सरळ रुळांवरून गेली होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही छातीशी धरून ते मागच्या दाराने सटकले.

वहिनी एकशे अकरा मतांनी पडल्या. रुळांपलीकडे एकदाही पाऊल न टाकता! तिथं त्यांच्या हातांवर जन्मलेल्या पोरांनी आपणहून मतं टाकली होती. एक चक्कर मारली असती तर वहिनी आमदार झाल्या असत्या, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चार दिवस तोंड लपवलं.

पाचव्या दिवशी वहिनीच घरी आल्या.

"जाऊ द्या हो भाऊजी. मला वाईट वाटतंय ते आपल्या इकडच्या निकालाचं. आपला दवाखाना उघडतो म्हणून इकडून उभे राहिलेले ते डॉक्टर! त्यांना आणि समोरच्याला सारखी मतं, मग चिठ्ठी टाकली, त्यात पडले बिचारे. एक मत हवं होतं फक्त! तुम्ही त्यांनाच दिलंत ना?"

मास्तर चपलांकडे बघत राहिले.

"त्या भांडणाच्या गडबडीत," ते पुटपुटले, "मत द्यायचंच राहिलं."