तिसऱ्या कडव्याची अकरा मिनिटं

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेतलं दुसरं गाणं ऐन रंगात आलं असताना गाण्याचे शब्द दाखवणारा समोरचा पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली : 'अपडेट सुरू आहे. कृपया संगणक बंद करू नका. ४ टक्के.' खाली ठिपक्यांचं एक वर्तुळ गरगर फिरू लागलं.

शेवटच्या बाकामागे लॅपटॉपपाशी बसलेल्या सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आठवडाभर त्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत आणि तिथे एका थेंबाची चूक खपवून घेत नसत. इथे तिसरं कडवं तोंडावर आलेलं आणि शंभर माणसांसमोर चार टक्के! शिवाय मंडळीच्या चिटणीसांनी गेल्याच महिन्यात बजावलं होतं, "ताई, आणखी एकदा घोळ झाला की पडदा गुंडाळायचा आणि गाण्याची पुस्तकं काढायची. छापलेलं पुस्तक कधी बंद पडलेलं ऐकलंय?"

त्यातल्या त्यात आधार एकच. माइकपाशी सासूबाई उभ्या होत्या. तीस वर्षं मंडळीचं गाणं त्याच उचलत होत्या. "मला सगळं पाठ आहे, पडदा तुम्हा आजकालच्यांसाठी," हे त्या सुनेला येता-जाता ऐकवत. पंख्याचं वारं लागतं म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी माइक तेवढा खिडकीपाशी हलवून घेतला होता. बाकी काही बदललं नव्हतं. सासूबाई वेळ निभावून नेतील, असं सूनबाईंनी मनाला समजावलं.

सासूबाईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि सूर लावला, "म्म्म्म..."

सूनबाईंना वाटलं, पट्टी धरत असतील. पण 'म्म्म'चा 'आऽऽ' झाला, 'आऽऽ'चा पुन्हा 'म्म्म' झाला, शब्द काही येईना. पेटीवाल्यांनी गोंधळून एकच सूर दाबून धरला. पहिल्या बाकाने 'म्म्म' उचलला. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी डोळे मिटून हात वर केले. १९ टक्क्यांना माणसं उभी राहिली. ३७ टक्क्यांना लाकडाच्या वखारीचे मालक रडू लागले. हे गृहस्थ स्वतःच्या लग्नात हसले नव्हते आणि वडिलांच्या दफनाला रडले नव्हते. ८८ टक्क्यांना सगळी खोली एकाच छातीने श्वास घेतल्यासारखी गात होती. शंभर टक्के झाले, पडद्यावर तिसरं कडवं आलं आणि त्याच क्षणी सासूबाईंनी ते खणखणीत शब्दांत म्हटलं.

घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं झाली होती.

"आज शब्द संपले आणि आत्मा गायला!" पाळक सद्गदित होऊन म्हणाले.

"आणि ते फिरणारं वर्तुळ!" निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "ना आदि, ना अंत! कोणाला सुचलं हो हे?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सूनबाई खोटं बोलत नसत. "ते अपडेट होतं," त्या म्हणाल्या.

"अगदी बरोबर!" पाळक म्हणाले. "आपल्या सगळ्यांचंच!"

बुधवारच्या बैठकीत पाळकांनी मांडलं की शब्दच आड येतात, तेव्हा पुढच्या रविवारी पडदा बंद. चिटणीसांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांनी लगेच कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं : '१०.४० ते १०.५१, उत्स्फूर्त.'

"उत्स्फूर्त आहे, तर वेळ कशी लिहिता?" सूनबाईंनी विचारलं.

"मग कशी नाही लिहायची? १०.५२ला सूचना आहेत."

शनिवारी दुपारी तालीम झाली. सुरुवात 'म्म'ने की 'हं'ने, यावर पाऊण तास वाद झाला. "मागच्या खेपेला जसं आपोआप झालं, हुबेहूब तसंच करा," असं म्हणत चिटणीसांनी टाळी वाजवली आणि आठ गायक कण्हू लागले. दाताच्या डॉक्टरांकडे बाहेर बाकावर बसल्यासारखं वाटत होतं. डोकं दुखतंय म्हणून सासूबाई आल्याच नव्हत्या.

सूनबाई घरी आल्या, तेव्हा सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकच टॉवेल तिसऱ्यांदा.

"पडदा खरंच काढणार?"

"हो. तुम्हाला हवंच होतं ना, आई?"

टॉवेलची चौथी घडी झाली.

"मला तिसरं कडवं येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "वर्ष झालं, शब्द निसटतात. पुस्तक उघडावं तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. तुझा पडदा होता, म्हणून माझी झाकली मूठ होती."

"आणि पंख्याचं वारं?"

"कसलं वारं नि काय! खिडकीपासून पडदा नीट दिसतो."

सूनबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"विसरले गं. लाज राखायला गुणगुणले. पहिलं मिनिट माझं होतं, ते मी कबूल करते. पुढची दहा कोण गात होतं, मला माहीत नाही. माझा श्वास आता एवढा पुरत नाही." त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "उद्या पडदा नसला, तर मी उभी कशी राहू?"

रविवारी बरोबर १०.४०ला चिटणीसांनी घड्याळ पाहून मान हलवली. अर्ध्या लोकांनी 'म्म' केलं, अर्ध्यांनी 'हं'. दुसऱ्या मिनिटाला खोकले सुरू झाले. वखारवाल्यांकडे सगळे आशेने पाहत होते. त्यांनी चेहरा बराच आवळला आणि शेवटी शिंकले. पाळकांनी एक डोळा किलकिला केला. माइकपाशी सासूबाई कोऱ्या भिंतीकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा भिंतीहून पांढरा पडला होता.

सूनबाई उठल्या. तरातरा पुढे जाऊन त्यांनी पडदा ओढून खाली केला, परत येऊन कळ दाबली. तिसरं कडवं! एकेक अक्षर वीतभर.

सासूबाईंचा आवाज लागला. त्यापाठोपाठ सगळी खोली अशी सुटली, की काचा थरथरल्या. सगळ्यांत मोठा आवाज चिटणीसांचा होता आणि त्यांची नजर पडद्यावर खिळली होती.

"पाहिलंत? आत्मा शब्दांतूनही येतो!" पाळकांनी जाहीर केलं. पडदा राहिला.

दाराशी मात्र त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, अक्षरं एवढीच मोठी ठेवत चला. तिसरं कडवं मलाही येत नाही." पायऱ्या उतरेपर्यंत पोस्टमास्तरांनी आणि पेटीवाल्यांनीही तेच कबूल केलं. चिटणीस नुसतेच खाकरले.

सूनबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी पोचताच त्या म्हणाल्या, "आई, सापडलं कारण! ते कडवं कोणालाच येत नव्हतं. म्हणून सगळे गुणगुणले."

"असेल," सासूबाई म्हणाल्या. "मग वखारवाला का रडला?"

सूनबाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढून उघडला. तेवढ्यात लॅपटॉपने नवा प्रश्न टाकला : 'पुढचं अपडेट कधी करायचं? वेळ ठरवा, किंवा आपोआप होऊ द्या.'

प्रयोगशाळेत एक मिनिट इकडचं तिकडे होऊ न देणाऱ्या सूनबाई बराच वेळ त्या दोन पर्यायांकडे पाहत राहिल्या. मग सासूबाईंचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी हळूच 'आपोआप'वर बोट ठेवलं.