मधला खांब विकायचा नाही

"सर, आपल्या टीममध्ये गोल मारायचं काम नक्की कोणाकडे दिलंय?"

प्रश्न रुचिरा वाहुळेने विचारला, पण पैज तिच्या वर्गातल्या श्वेताची होती. साष्टी एफसीचे कोच घाटकोपरच्या मॉलमध्ये चाहत्यांना भेटणार म्हटल्यावर श्वेता म्हणाली होती, "विचारूनच दाखव. नाही विचारलंस तर वर्गात सांगेन, आपली वाघीण फक्त घरातच डरकाळ्या फोडते." गेल्या वर्षापर्यंत रुचिरा हजेरीलासुद्धा इतक्या हळू "हजर" म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. दहावीत गेल्यावर मात्र तिला अचानक स्वतःचा आवाज सापडला, आणि नवी सायकल मिळाल्यासारखी ती त्याला दिवसभर फिरवत असायची.

मॉलमध्ये जमलेले सगळे चाहते कोचकडे बघायला लागले. कारण प्रश्न खरा होता. साष्टीच्या खेळाडूंनी ह्या मोसमात एकच गोल मारला होता, आणि तोही आपल्याच जाळ्यात.

कोच हर्षद साळगावकर यांनी पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. "बाळा, बाहेर उभं राहून बोलणं सोपं असतं. तू कशी बांधशील ही टीम?"

"सांगते ना!"

"आत्ता नको. ज्यांना ज्यांना वाटतं टीम नव्याने बांधायला हवी, त्यांनी 'साष्टी परिवार' ग्रुपवर उद्या दुपारपर्यंत व्हॉइस नोट टाका. ज्याचं म्हणणं मला पटेल तो रविवारच्या शेवटच्या मॅचला अंधेरीत माझ्या शेजारी बाकावर बसेल. हाफ टाइमला टीमशी बोलेल."

कोचच्या शेजारी! बाकावर! रुचिरा विक्रोळीला घरी आली ती जमिनीवरून नाहीच, हवेतून. चार मजले उड्या मारत चढली, कारण समता सोसायटीला लिफ्ट नव्हती. रात्रीचं जेवण होईपर्यंत तिने फोनवर आपलं भाषण चार वेळा रेकॉर्ड केलं.

तेवढ्यात तिचे पप्पा आले आणि म्हणाले, "झालं असेल तर फोन दे. मलाही एक रेकॉर्ड करायचंय."

अंबादास वाहुळे सोसायटीचे सेक्रेटरी. विक्रोळीच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे त्यांच्या घरातली कुठलीच वस्तू मरत नसे. मिक्सर, छत्री, इस्त्री, सगळ्यांचा पुनर्जन्म व्हायचा. स्वतःचा फोनही त्यांनी स्वतःच दुरुस्त केला होता, आणि तेव्हापासून त्यावर समोरच्याला त्यांचा आवाज जात नसे. म्हणून 'समता परिवार' ह्या सोसायटीच्या ग्रुपवर 'सेक्रेटरी' या नावाने नंबर होता तो रुचिराचा.

रविवारी पाच वाजता गच्चीवर सभा होती. विषय एकच: बिल्डिंग पाडून रीडेव्हलपमेंटला द्यायची, की दुरुस्त करायची. पप्पा दुरुस्तीवाले. त्यांनी घसा साफ केला, दोन मिनिटं मनापासून बोलले आणि म्हणाले, "सकाळी टाक ग्रुपवर. विसरू नको."

ती विसरली नाही. सकाळी एका हातात वेणी, तोंडात ब्रश, आई स्वयंपाकघरातून "अगं, डबा!" म्हणून ओरडत असताना तिने दोन रेकॉर्डिंग दोन परिवारांना, एकाला एक अशी पाठवून दिली. फोन उशीखाली टाकला आणि शाळेत पळाली. शाळेत फोन चालत नसे.

संध्याकाळी ती परतली तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात रत्नप्रभाकाकू पायरीवर बसल्या होत्या. काकू मागच्या विंगमध्ये राहायच्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, वय पंच्याहत्तर, आवाज पंचवीस.

"ये गो बाये, ये. माका सन्मानान खंय धाडतंस, तां तरी सांग."

"काय काकू?"

"मागचे चार म्हातारे जाग्यावरसून हलणत नाय, त्यांका सन्मानान घराक धाडा. तूच बोललंस ना? मागच्या विंगेत आमी चारच म्हातारे! आनि घराक म्हंजे खंय? हयच तर माजा घर!"

मागचे चार म्हातारे म्हणजे साष्टीची बचावफळी! हे वाक्य काकूंना कसं कळलं? ती उरलेले दोन मजले एका दमात चढली आणि उशीखालून फोन काढला.

वाट लागली होती.

समता परिवारावर, सेक्रेटरीच्या नंबरवरून, तिचा स्वतःचा खणखणीत आवाज गेला होता: "स्पष्ट बोलते, राग मानू नका. ही मलमपट्टी आता बस झाली. आतून सगळं पोकळ झालंय. डावी बाजू तर उघडीच पडलीय, कोणीही येतो आणि आत घुसतो. मागचे चार म्हातारे जागचे हलत नाहीत, त्यांना सन्मानाने घरी पाठवा, तरुणांना जागा द्या. सगळ्यात वरचा जो आहे, तो नुसता कमरेवर हात ठेवून उभा असतो. थोडीथोडी डागडुजी करून काही होणार नाही. सगळं पाडा आणि पायापासून नव्याने उभं करा!"

त्याखाली अंगठे, टाळ्या, रागाने लाल झालेली तोंडं आणि परत अंगठे. शेजारच्या तीन सोसायट्यांनीही ती नोट मागवून घेतली होती. डाव्या बाजूच्या लोकांनी लिहिलं होतं, "शेवटी कोणीतरी बोललं, आमच्या गॅलरीतून कबुतरं सरळ हॉलमध्ये येतात."

दार वाजलं. चेअरमन चंद्रप्रकाश तावडे. राहायला सगळ्यात वर, आणि रीडेव्हलपमेंटसाठी इतकी वर्षं बोंबलून बोंबलून त्यांचा घसा बसलेला.

"वा गं पोरी! वाघीण आहेस! वडील इतकी वर्षं अडवून बसले, आणि तू त्यांच्याच नंबरवरून धडाधड सुनावलंस!" मग आवाज जरा खाली आला. "फक्त ते सगळ्यात वरचा कमरेवर हात ठेवून उभा असतो, ते... माझ्याबद्दल होतं का?"

"नाही काका, तो स्ट्रायकर होता!"

"कोण स्ट्राइकवर गेलंय?"

"कोणी नाही! ते फुटबॉलचं होतं सगळं!"

"बरं बरं," चंद्रप्रकाशकाकांनी डोळा मारला. "घरात वडील आहेत, समजू शकतो. रविवारी सभेत ये फक्त."

ते गेले आणि पप्पा आले. चेहरा फुललेला. मागोमाग आलेल्या आईला म्हणाले, "प्रेमा, ऐकलंस का? नाक्यापासून घरापर्यंत लोक हात मिळवत होते! 'वाहुळे, शेवटी पटलं तर,' म्हणे. मी म्हटलं, पटणारच, मनापासून बोललोय. एक दुरुस्तीवाला तेवढा रडत होता, का कोण जाणे."

आई दाराशी ओढणीने घाम पुसत उभी होती. भाजी घेऊन ती आत्ताच चार मजले चढून आली होती. तिने रुचिराकडे बघितलं. रुचिराने फोनकडे बघितलं. मग तिने डोळे मिटून 'प्ले' दाबलं.

पप्पांचा चेहरा नोट संपेपर्यंत एक एक मजला खाली उतरत गेला. "पाडा?" ते म्हणाले. "माझ्या नंबरवरून? माझ्या घरातून? पाडा?"

"पप्पा, चुकून... अदलाबदल झाली."

"मग माझं कुठे गेलं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. नंबर अनोळखी होता. रुचिराची फोन उचलायची हिंमत होईना, म्हणून पप्पांनीच स्पीकरवर टाकला.

"हॅलो, मी हर्षद साळगावकर. ती मधल्या खांबाची नोट कोणाची आहे?"

"माझी. अंबादास वाहुळे बोलतोय," पप्पा ताठ झाले. "कोणी काही म्हणो, मधला खांब हलवायचा नाही. सगळा भार तोच घेतोय."

"सर! मी हेच सांगतोय मॅनेजमेंटला! ते तर त्याला विकायला निघालेत."

"विकायला? खांब?"

"गोव्याच्या क्लबशी बोलणी चाललीत."

"गोव्याला खांब नेणार?" पप्पा खुर्चीत बसले. "अहो, मग वरचं सगळं खाली येईल!"

"एक्झॅक्टली, सर! आणि तुम्ही म्हणालात ना, ओल डावीकडे दिसते पण पाणी वरून येतंय, डावीकडचं फोडू नका... मी अख्खा मोसम डाव्या बॅकला शिव्या घालत होतो. आज व्हिडिओ बघितले. चूक त्याची नाहीच! त्याच्या पुढे, वर खेळणारा विंगर बचावाला मागेच येत नाही. पाणी वरूनच येतंय, सर! कुठल्या क्लबला होता तुम्ही?"

"मी? भजनी मंडळातही नाही."

"ग्रेट. सगळ्या टीमला ऐकवलीय तुमची नोट. म्हातारा गोलकीपर तर रडला, 'जुनं सिमेंट धरून ठेवतं, नवं नुसतं चकाकतं' ऐकून. रविवारी पाच वाजता माझ्या शेजारी तुम्ही. येणार ना?"

तिचा बाक. तिचा हाफ टाइम. तिने तीन वर्षं पावसापाण्यात त्या टीमची एकही मॅच चुकवली नव्हती, आणि पप्पांना एका टीममध्ये किती जण खेळतात हेही माहीत नव्हतं.

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. "साहेब, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. माझी मुलगी येईल. बाक तिचाच आहे. मला पाच वाजता सभा आहे."

"मुलगी चालेल," कोच म्हणाले, "पण खेळाडू खांबवाले काका, खांबवाले काका करतायत. घरात बसून ठरवा. एकच जागा आहे."

फोन बंद झाल्यावर पप्पांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "खांबाचं त्यांना लगेच कळलं. इथे इतकी वर्षं सांगतोय, एकाने 'हं' म्हटलं नाही." आणि मग सेक्रेटरी जागे झाले. "ते राहू दे. तू अंधेरीला जा, पण आधी ह्या लोकांना सांग, ते फुटबॉलचं होतं म्हणून."

रुचिराने शनिवारी सांगायला सुरुवात केली. दारोदार. पण सोसायटीला काही पटेना.

"डावी बाजू म्हणजे आमचा डावा बॅक हो," ती दुसऱ्या मजल्यावर म्हणाली.

"आमचीपण बॅकसाइडच उघडी आहे," दुसरा मजला म्हणाला.

रत्नप्रभाकाकूंना तिने बचावफळी कागदावर काढून दाखवली. चार वर्तुळं, चार नावं, चार वयं. काकूंनी चष्मा लावून बघितलं. "ह्ये चार झिलगे म्हातारे? तीस वर्षांचे?" त्या हबकल्याच. "मगे माका काय म्हणशीत गो?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आनि नव्या बिल्डिंगीत म्हाताऱ्यांका खालचो माळो गावता काय?"

संध्याकाळी रुचिरा दमून घरी आली तर स्वयंपाकघरातून तिचाच आवाज येत होता. बारीक. "...पायापासून नव्याने उभं करा." आईने दचकून फोन ओट्यावर पालथा ठेवला. उजवा पाय पाटावर ठेवून ती गुडघ्याला तेल चोळत होती.

"आई, किती वेळा ऐकतेयस?"

"एकदाच गं." मग ती हसली. "चार वेळा. चांगलं बोललीस म्हणून. तुला कळत नसताना बोललीस, तरी." तिने बाटलीचं झाकण लावलं. "नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट येते ना गं?"

रुचिराने ओट्याखालच्या भाजीच्या पिशव्यांकडे बघितलं. आई रोज किती वेळा हे जिने चढते? दूध, भाजी, गिरणी, पाणी गेलं की बादल्या. आणि तिने कधी एका शब्दाने म्हटलं नव्हतं की पाडा. कारण पाडायला विरोध करणारा माणूस तिच्याच घरात राहत होता, आणि सभेला कोण जातं ते ठरलेलंच होतं.

रविवारी दुपारी चार वाजता श्वेता खालून ओरडली, "ए बाकवाली! चल ना, उशीर होईल!"

रुचिरा खिडकीत आली नाही. पप्पा सभेचा शर्ट घालून आरशासमोर उभे होते आणि पुटपुटत होते. पण ते पुटपुटत होते, "वरचा मागे आला पाहिजे, वरचा मागे आला पाहिजे." आई चहा गाळत होती.

रुचिराने आपली साष्टीची निळी जर्सी घडी करून पप्पांच्या हातात ठेवली.

"पप्पा, ही घाला. घट्ट होईल, पण घाला. श्वेता खाली थांबलीय, ती तुम्हाला अंधेरीला घेऊन जाईल. बाकावर तुम्ही बसा."

"वेडी आहेस का? आणि सभा?"

"सभेला मी जाणार."

"ठीक आहे," पप्पांना हायसं वाटलं. "सांग सगळ्यांसमोर, ते फुटबॉलचं होतं."

"नाही सांगणार." तिचा आवाज चार मजले खाली श्वेतापर्यंत गेला. "मी सांगणार आहे, प्रत्येक शब्द बिल्डिंगबद्दल होता. पाडायलाच पाहिजे, लिफ्ट पाहिजे, आणि मागच्या चौघांना खालचा मजला पाहिजे. मी मोठी नाही, मला मत नाही, माहितीये. पण घराचं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर आहे, सकाळीच बघितलं मी. आपल्या घरातून आज मत आई देणार आहे. आई, गॅस बंद कर आणि चल."