नाक्यावरची पायलट

विचुंब्याच्या नाक्यावर समृद्धी रिक्षातून उतरली आणि बघतच राहिली. समोरच्या फलकावर तिचाच फोटो, पुरुषभर उंच, कॅप्टनची टोपी घातलेला. खाली ‘गावच्या पहिल्या पायलटचे हार्दिक अभिनंदन’. मुंडकं तिचं होतं, धड मात्र कुणा परक्या पुरुषाचं, मनगटावरच्या केसांसकट.

आता चूक कुणाची म्हणायची? पायलटच्या लेखी परीक्षेचा एक पेपर सुटला, तेव्हा तिने घरी फोन करून “पास झाले” एवढंच सांगितलं होतं. हवामानशास्त्र दोनदा राहिलंय, विमान तर अजून लांबच आहे, हे सांगेपर्यंत तिच्या बापाने, बळीरामने, फोन ठेवून पेढ्यांचं दुकान गाठलं. फलक लागल्यापासून तर लोक त्याला प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवू लागले. तो अशा ऐटीत बसायचा, की खरं सांगायला पोरीची जीभच रेटेना. कुणाला कळायच्या आत हवामानात पास व्हायचं, एवढाच मार्ग उरला.

त्यात बळीरामचा धाकटा भाऊ दिनानाथ आला. त्याच्या भावेशचं लग्न ठरलं होतं. नवरीचा मांडव उरणला, आणि नवरदेव जाणार हेलिकॉप्टरने.

“हेलिकॉप्टर भाड्यानं सांगितलाय,” दिनानाथकाका म्हणाला. “पायलट नको बोललो. आमच्या घरची हाय.”

मी विमानाचं शिकतेय, हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं असतं, असं समृद्धीने परोपरीने सांगून पाहिलं. पण काकाचा धंदा माती उपसण्याचा. तो नुसता हसला. “जेसीबी चालवनारा पोकलेन चालवतोच ना?”

बळीराम कौतुकाने लेकीकडे बघत होता. आता कबूल करणं म्हणजे बापाला भावासमोर तोंडघशी पाडणं. तिच्या तोंडून निघून गेलं, “काका, त्या सकाळी दाट धुकं असणार. काहीच उडणार नाही.”

म्हणाली खरी, पण काका कसला ऐकतोय! रोज संध्याकाळी नवी शंका घेऊन हजर. धुका नक्की पडेल कशावरनं? वारा सुटला तर? वरातीचा टाइम पुढं ढकलला तर? समृद्धी आत जायची, पुस्तक उपसायची आणि बाहेर येऊन सांगायची: थंडीचे दिवस, आकाश मोकळं, वारा पडलेला, खाडीची ओल, रात्रभर जमीन गार पडणार. परीक्षेच्या धाकाने जे दोन वेळा डोक्यात शिरलं नव्हतं, ते काकाच्या धाकाने पाठ झालं. अखेर काकाने कुरकुरत हेलिकॉप्टर रद्द केलं. मधल्या दिवसांत ती पेपरही देऊन आली. निम्मे प्रश्न काकाने आधीच विचारलेले वाटले, पण निकाल अजून यायचा होता.

लग्नाची सकाळ उजाडली. धुक्याचा मागमूस नव्हता. कर्नाळ्याचा सुळका असा लख्ख दिसत होता, की बघून समृद्धीला रडू यावं. नवरदेवाची सजवलेली गाडी उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली आणि तिच्यामागे सगळं वऱ्हाड. मुहूर्त टळायची वेळ आली, तशी डोक्यावर घरघर झाली. कोन गावच्या कुणाच्या तरी लग्नाचं हेलिकॉप्टर, त्या स्वच्छ आभाळातून, आरामात उरणकडे चाललं होतं.

वऱ्हाडाने आधी वर पाहिलं. मग सगळ्यांनी समृद्धीकडे पाहिलं.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. निकाल होता. हवामानशास्त्र, उत्तीर्ण. तिने दोनदा डोळे पुसून पाहिलं, मग गाडीत शेजारी बसलेल्या बापाचा हातच धरला आणि सगळं सांगून टाकलं. तेव्हा एकच पेपर सुटला होता, फलक लागला तेव्हा मी हवामानात नापास होते, भीतीने बोलले नाही.

“पण बाबा, आता खरंच पास झाले. हवामानात.”

बळीरामचेही डोळे भरून आले. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काचेतून मागे पाहिलं. दिनानाथ फेटा काखेत मारून, गाड्यांमधून वाट काढत त्यांच्याच दिशेने येत होता.

“हलू बोल, बाय,” बळीराम काच वर करत म्हणाला. “आज कोनाला सांगू नको.”