आधी हात, मग बात

अंथुर्ण्यात दगडूतात्यांच्या घरी गेलं की ते आधी तुमचे हात हुंगत. पाहुणा आमदार असो की व्याही, ओसरीच्या पायरीवर बादली, तांब्या आणि लाल साबणाची वडी ठेवलेली असे. धुवून झालं की हात नाकाशी. तंबाखूचा वास आला की पुन्हा बादली. वर, "आधी हात, मग बात!"

तात्या पाटबंधारे खात्यातले निवृत्त पाटकरी. शेतकऱ्यांना पाळीनं पाणी सोडायची सवय, तीच त्यांनी आजारी बायकोला, आमच्या काकूंना, भेटायला येणाऱ्यांना लावली. एका वेळी एकच माणूस, तोही खाटेपासून चार हात लांब. जवळ जायची मुभा फक्त काकूंची वेणी घालणाऱ्या शेजारणीला.

काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. बारामतीत डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा दोघं एसटीनं जायचे. मनगटाजवळ ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडली होती; आतून रक्त नीट वाहत असलं की तिथं बोटांना थरथर लागते. पण ती शीर सुया टोचण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागणार होते. तोवर मानेत घातलेल्या नळीवर भागवायचं. ही नळी थेट काळजापर्यंत जाते, तिथून जंतू शिरले तर रक्तातच जातात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या नळीला तसं झालंच. मशीनवर असतानाच काकूंना हुडहुडी भरली, ताप चढला, मरता मरता वाचल्या. ती नळी काढून दुसऱ्या बाजूला नवी घातली. ही बिघडली तर अवघड आहे, एवढं ऐकून आलेल्या तात्यांनी सगळ्या गावाला साबण लावायला घेतला.

वरकुट्याहून त्यांची थोरली बहीण अंगारा घेऊन आली. मानेला लावायला तिनं हात पुढं केला, तर तात्यांनी मनगटच धरलं.

"आक्का, माज्या कपाळाला लाव. मानंला न्हाय."

"अरं, देवाचा हाय!"

"देवानं हात धुतलं व्हतं का?"

आक्का चहाला न थांबता गेल्या. दवाखान्यातल्या सिस्टरचीही सुटका नव्हती. "बाई, तोंडावरची पट्टी नाकावर घ्या," असं हा माणूस दारातून ओरडायचा. आम्ही सगळेच त्यांची टवाळी करायचो, मी जरा जास्तच.

शेवटी हातावरची शीर तयार झाली. मानेतली नळी निघाली त्या दिवशी मी बारामतीच्या दुकानातल्या नोकरीवरून सुटून त्यांच्याच एसटीत होतो.

"सुटलात तात्या. आणि आम्हीही सुटलो," मी म्हणालो.

तात्या हसले नाहीत. "पहिल्या नळीपाशी हिला खाज यायची," ते हळूच म्हणाले. "म्या पट्टी उचलून हळद लावली व्हती. ह्याच हातानं. कुणाला बोललो न्हाय."

आता मला कळलं, इतके दिवस काकूंची वेणीसुद्धा शेजारीण का घालत होती ते. तात्यांचा भरवसा उडाला होता तो स्वतःच्या हातांवरचा. केलेल्या टवाळीची मला लाज वाटली.

खिडकीशी बसलेल्या काकूंनी सगळं ऐकलं होतं. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "बरं वाटावं म्हनूनच लावली ना?" मग भरल्या गाडीत त्यांनी तात्यांचा हात ओढला आणि आपल्या मनगटावर ठेवला. "डाक्टरनं रोज बघाय सांगितलंय. बघा, थरथरतंय का."

अंथुर्णं आलं. कंडक्टर दोनदा ओरडला.

"थांब रं जरा," तात्या म्हणाले. "चालू हाय."