जकात नाक्यावरची म्हैस

मंगळवारी सकाळी साडेदहाला जुन्या जकात नाक्याच्या भिंतीवर रंगवलेली निळी म्हैस तांबेसर गावच्या नगरपालिकेत अर्ज द्यायला आली. मी तिथे आवक-जावक लिपिक आहे, त्यामुळे ती माझ्याच खिडकीशी आली.

भिंतीवरच्या चित्राला भिंतीवरूनच चालावं लागतं. नाक्यापासून नगरपालिकेपर्यंत भिंती सलग नाहीत, म्हणून तिला कन्याशाळेच्या कुंपणावरून वळसा घ्यावा लागला होता आणि बाजारपेठ दुकानांची शटरं उघडायच्या आत ओलांडावी लागली होती. तरी ती वेळेवर आली. साडेदहाला कार्यालयात हजर असलेले त्या दिवशी आम्ही दोघंच होतो.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"अर्ज आणलाय, सायेब."

अर्ज तिच्या शेजारी भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेला होता. वर उजव्या कोपऱ्यात तिकीटसुद्धा होतं, तेही रंगवलेलं. चित्राच्या अर्जाला रंगवलेलं तिकीट चालतं की नाही, याबद्दल नियमांत काही नाही. जे नियमांत नाही त्याला मी सहसा नाही म्हणतो. पण तिकिटाची दातेरी कड इतकी मन लावून काढलेली होती की मी शिक्का उचलला आणि सरळ भिंतीवर मारला. आवक क्रमांक ४१७.

अर्जाचा मजकूर असा होता, की शनिवारी स्वच्छता पाहणीचं पथक येत असून शुक्रवारी गावातल्या सगळ्या भिंतींना चुना मारण्याचा आदेश निघाला आहे. तरी अर्जदाराला कलाकृती म्हणून नोंदवून चुन्यातून वगळावं.

मी भिंतींची नोंदवही काढली. या वहीत तीन रकाने आहेत: सूचना, जाहिरात आणि घाण. गावातल्या भिंतीवर जे काही असेल ते या तिन्हींपैकी एकात बसतं. म्हशीची नोंद मार्चमध्येच झालेली होती आणि माझ्याच अक्षरात होती. 'निळी म्हैस, एक. डावे शिंग अपुरे. घाण.'

"तुझी नोंद आहे की," मी म्हटलं आणि वाचून दाखवलं.

म्हैस म्हणाली, "ती बदला."

"चौथा रकाना नाही. त्यापेक्षा शुक्रवारच्या आत शेजारच्या गावी जा. तिथे चुन्याचा आदेश नाही."

"का म्हून जाऊ? म्या काय चोरी केलीया? घाण म्हून दुसऱ्या भिंतीवर जगायचं, त्यापरीस हितंच चुन्याखाली गेलेली बरी. पर तुमची वही चुकलीया, सायेब."

मला राग आला. एकवीस वर्षांत माझी वही चुकली असं कुणी म्हटलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला, पण घास काही गोड लागेना.

बुधवारी मुख्याधिकारी नीलिमा सोनटक्के मॅडमनी सुनावणी ठेवली. मॅडम कडक पण सरळ आहेत. हरकत घ्यायला नगरसेवक अण्णासाहेब भोगावकर आले होते. जकात नाक्याची भिंत त्यांना स्वतःच्या वाढदिवसाच्या फलकासाठी हवी होती. फलकावर अण्णांचा एक मोठा आणि शुभेच्छुकांचे सव्वीस छोटे चेहरे असणार होते. अण्णांच्या तोंडात कायम पान असतं, त्यामुळे ते हनुवटी वर करून बोलतात.

"मॅडम, भिंत नगरपालिकेची," अण्णा म्हणाले. "न विचारता काढलेलं ते चित्र कसं? ती घाण. माझ्या फलकाची रीतसर पावती आहे."

"पावती फलकाची हाय, अण्णा," म्हैस दालनाच्या भिंतीवरून म्हणाली. "तुमच्या फोटूकडं कोण थांबून बघतं का, त्याची न्हाई."

"आणि हिच्याकडे कोण बघतं?"

"नाक्यावर या एकदा. येष्टीतली माणसं खिडकी सरकवून बघत्यात."

मॅडमनी दोघांनाही गप्प केलं आणि विचारलं, "काढलंय कुणी? कलाकाराचं नाव लागेल."

"आधी रकाना ठरू द्या, मॅडम. मग सांगते. म्या घाण ठरले तर काढणारीवर गुन्हा दाखल हुईल. कलाकृती ठरले तर तिला शाल-नारळ मिळंल. म्या तिला गोत्यात आणायची न्हाई."

हे कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, की कलाकृतीची व्याख्या अधिनियमात नाही, परंतु कलाकृतीला लोक मान देतात एवढं सर्वमान्य आहे. तेव्हा लोक मान देतात का, हे मोजावं. मग त्यांची नजर दाराबाहेर जिन्याकडे गेली.

आमच्या जिन्याच्या वळणावरच्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. इमारत बांधल्यापासून लोक त्या कोपऱ्यात थुंकतात. मागे एकदा तिथे सर्व धर्मांच्या देवादिकांच्या फरशा बसवल्या होत्या. लोकांनी देवांचा मान राखला आणि दोन फरशांच्या मधल्या फटीत नेम धरून थुंकायला सुरुवात केली. काहींचा नेम चांगला नव्हता, म्हणून फरशा सन्मानाने काढून घ्याव्या लागल्या.

आदेश निघाला तो असा: अर्जदाराने एक पूर्ण कामाचा दिवस त्या कोपऱ्यात उभं राहावं. कोणी थुंकलं, तर घाण. कोणीच थुंकलं नाही, तर चौथा रकाना. निरीक्षक म्हणून आवक-जावक लिपिक.

"गुरुवारी ठेवा," म्हैस म्हणाली. "गुरुवारी सभा असती. गर्दी हुती."

मला वाटलं, हिला व्यवहार कळत नाही. सभेच्या दिवशी त्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा कोरडी नसते.

गुरुवारी सकाळी कोपरा धुऊन घेतला आणि म्हैस दोन्ही भिंतींना अंग विभागून तिथे उभी राहिली. तोंड एका भिंतीवर, पाठ दुसऱ्या भिंतीवर. मी पायरीवर खुर्ची टाकली. खरं सांगतो, तोवर मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मार्चमध्ये नोंद केली ती मोटारसायकलवरून न उतरता. आता पाहिलं, तर पाठीवर निळ्याच्या पाच-सहा छटा एकमेकींत विरत गेलेल्या होत्या आणि डोळ्यात एक पांढरा ठिपका होता, जो मी जिकडे सरकेन तिकडून माझ्याकडेच बघत होता.

पहिला आला पाणीपुरवठ्याचा फिटर, गाल फुगलेला. सवयीने कोपऱ्याकडे वळला, थबकला, खाली उतरून थेट रस्त्यापर्यंत जाऊन आला. त्याच्यामागून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चप्पल काढून हात जोडले. मी मॅडमना विचारायला गेलो, की नमस्कार धरायचा का. मॅडम म्हणाल्या, धरायचा नाही. आपल्याकडे नमस्कार कशालाही करतात.

दुपारी फिटर परत आला तेव्हा मी त्याला निरीक्षक या नात्याने कारण विचारलं.

"साहेब, ती काय देव नाही," तो म्हणाला. "पण कुणीतरी उन्हात उभं राहून, जीव ओतून काढलंय हे दिसतंय ना. त्यावर कसं थुंकायचं?"

मी ते लिहून घेतलं. लिहिताना माझी मान खाली गेली, कारण मी मार्चमध्ये काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं.

पावणेसहापर्यंत दोनशे बारा माणसं चढली-उतरली. कोपरा कोरडा होता. कार्यालय सुटायला पंधरा मिनिटं उरली आणि सभा संपवून अण्णा वरून उतरू लागले. सभा तीन तास चालली होती. अण्णांच्या तोंडात तीन तासांचं पान होतं. त्यांच्यामागे सगळे नगरसेवक, खाली सगळे कर्मचारी, मॅडम दालनाच्या दारात.

अण्णा कोपऱ्याशी आले. उभे राहिले. म्हशीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी म्हशीकडे पाहिलं. डोळ्यातल्या ठिपक्यावरून त्यांची नजर पाठीवर गेली, तिथून अपुऱ्या शिंगावर गेली आणि परत डोळ्यावर आली. त्यांचे गाल हलले. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्या क्षणी ती म्हैस वाचावी असं मला जितकं वाटलं, तितकं नोकरीत कशाबद्दलच वाटलेलं नाही.

अण्णांनी गिळलं.

घोट जिन्यात सगळ्यांना ऐकू गेला. अण्णांचे डोळे पाणावले, त्यांना मोठी उचकी लागली, आणि खालून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळा जिनाच वाजू लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तोंडात पान नव्हतं.

सभा पुन्हा भरवली गेली. चौथ्या रकान्याचा ठराव मॅडमनी मांडायला लावला आणि अनुमोदन कोण देणार असं विचारलं. अण्णा उभे राहिले. "मी गिळलंय," ते उचकीमधून म्हणाले. "आता आणखी काय पुरावा पाहिजे?" ठराव एकमताने मंजूर झाला.

मी पट्टी घेऊन वहीत चौथा रकाना आखला, वर 'कलाकृती' लिहिलं, आणि मार्चमधल्या माझ्या नोंदीवर एक सरळ रेघ मारून बाजूला सही केली. एकवीस वर्षांतली ती माझी पहिली दुरुस्ती. मग म्हशीकडे वळून विचारलं, "कलाकाराचं नाव सांगता?"

तिला 'तुम्ही' म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

"रेहाना मुलाणी. स्टँडमागच्या गॅरेजात गाड्यांना रंग मारती."

शुक्रवारी गावाला चुना लागला आणि नाक्याची भिंत तेवढी वगळली गेली. शनिवारी पाहणीच्या पथकासमोर त्या भिंतीपुढे सत्कार झाला. रेहाना गॅरेजातून तशीच आली होती, नखांच्या कडांना तीन रंग होते. तिला शाल अण्णांनी घातली. दुसरी शाल म्हशीसाठी आणली होती, पण भिंतीवर ती टिकेना, म्हणून रेहानाने ती म्हशीच्या पाठीवर रंगवून दिली, काठासकट. मग पिशवीतून निळा डबा काढला.

"म्हैस काढली त्या दिवशी डबा संपला होता," ती म्हणाली. "एका जीपच्या दाराचा उरलेला रंग होता. थांब, आज शिंग पुरं करून देते."

म्हशीने मान बाजूला घेतली आणि मला हाक मारली.

"सायेब, वहीत काय लिवलंय?"

मी वही उघडून मोठ्याने वाचलं, पथकालाही ऐकू जाईल असं. "निळी म्हैस, एक. डावे शिंग अपुरे. कलाकृती."

"मग ऱ्हाऊ दे, बाई," म्हैस रेहानाला म्हणाली. "नोंद झालीया."

पुढच्या मंगळवारी मी कार्यालयात आलो तेव्हा माझ्या खिडकीशेजारच्या भिंतीवर रांग लागली होती. सर्वांत पुढे पाण्याच्या टाकीवरचं पंख पसरलेलं घुबड, त्यामागे कॉलेजच्या कुंपणावरचा बाण लागलेला बदाम, आणि त्यामागे आणखी सात जण. कार्यालयाची वेळ साडेदहाची आहे. मी खिडकी दहा पंचवीसला उघडली.